चार गोळ्या घेतल्या म्हणून लवकर होत नाही

वळसंगहून सोलापूर गाठायला फार वेळ लागत नाही. पण तिथल्या डॉक्टरसमोर बसून ‘मला बाई व्हायचंय’ एवढं म्हणायला वर्षं जातात. तोवर माहिती पुरवतात त्या गुरुबहिणी, मैत्रिणी आणि मोबाइल. आणि औषध म्हणून हाताशी असते माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी. चिठ्ठी न मागता मिळते, स्वस्तही असते.

ती पट्टी जरा नीट बघू. एकूण 28 गोळ्या. 21 पांढऱ्या, 7 तपकिरी. तपकिरी गोळीत फक्त लोह असतं, तेव्हा ती गिळून छाती भरण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पांढरीत दोन द्रव्यं: 0.03 मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडिओल आणि 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. पहिलं कृत्रिम इस्ट्रोजेन. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका जास्त, म्हणून लिंगबदलाच्या उपचारातून डॉक्टरांनी ते केव्हाच बाद केलं. आता साधं एस्ट्राडिओल देतात. दुसऱ्या द्रव्याची गंमत अशी, की त्याचा थोडासा गुण पुरुषी हार्मोनसारखाच आहे. ज्यापासून सुटायचं, तेच थोडं थोडं पोटात जातं.

‘दिवसाला तीन-चार घेतल्या की लवकर होतं,’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. छाती वाढायला साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात होते आणि पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. वयात येणाऱ्या मुलीचं शरीरही अशीच काही वर्षं घेतं. डोस चौपट केल्याने वाढतो तो गुठळीचा धोका. त्यात विडी-सिगारेट असेल तर आणखी भर. कुंभारीच्या विडी घरकुलापासून अक्कलकोटपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात विडीचं कुणाला अप्रूप नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

याच्या उलट टोकाचा समजही घरोघर ऐकू येतो: हार्मोन म्हणजे विष, कॅन्सर होणारच. 2019 साली नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोन घेणाऱ्या 2,260 पारलिंगी स्त्रियांपैकी 15 जणींना पसरू शकणारा स्तनाचा कॅन्सर झालेला आढळला. पुरुषांच्या मानाने हे प्रमाण जास्त, पण इतर बायकांपेक्षा कमी. म्हणजे धोका आहे, पण तो घाबरून उपचार सोडण्याइतका नाही. पुरुषी हार्मोन रोखणारं सायप्रोटेरोन नावाचं औषध मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर मेंदूच्या आवरणात गाठ होऊ शकते, हेही खरं. म्हणून आता ते कमीत कमी डोसमध्ये देतात. त्याच कामासाठीचं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम बघावं लागतं. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा. दुकानातून परस्पर गोळ्या घेताना हीच तपासणी गळते.

इस्ट्रोजेनने आवाज बारीक होत नाही आणि उगवलेली दाढीही जात नाही. आवाजासाठी सराव, दाढीसाठी लेसर. ज्यांना पुरुष व्हायचंय त्यांच्या टेस्टोस्टेरॉनचं मात्र वेगळं. आवाज एकदा घोगरा झाला की इंजेक्शन बंद केलं तरी परत फिरत नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं. ‘हिमोग्लोबिन वाढलं, छान झालं’ म्हणून खूश होऊ नये. आणखी एक: पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं धरून चालू नये. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिलाच तर त्याला ते घातक ठरतं. पुढे मूल हवंसं वाटेल अशी शंका जरी असली, तरी बीज साठवून ठेवण्याबद्दल उपचार सुरू होण्याआधीच विचारावं.

निर्वाण झालेल्यांबद्दल, म्हणजे लिंग-वृषण काढलेल्यांबद्दल, फार कमी बोललं जातं. ‘आता सगळं उरकलं, गोळ्या कशाला?’ असं अनेकींना वाटतं. पण वृषण काढल्यावर शरीरात पुरुषी हार्मोन जवळपास राहत नाही. वरून स्त्रीचं हार्मोनही दिलं नाही, तर हाडं पोकळ होत जातात. चाळिशीतल्या चेल्याची कंबर दुखते ती नेहमी नाचून-फिरूनच दुखते असं नाही. अशा बाईने हाडांची घनता तपासून घ्यावी. प्रोस्टेट ग्रंथी निर्वाणानंतरही जागेवरच असते, हेही पुष्कळ जणींना माहीत नसतं.

2019च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात हार्मोन उपचाराची सोय शासनाने करावी असं लिहिलं गेलं. कागदावरची ही सोय गावातून मागायला अजून धीटपणा लागतो, आणि दवाखान्यात चारचौघांसमोर मोठ्याने नाव पुकारलं जातं तिथेच तो संपतो.

पण एका प्रसंगी लाज बाजूला ठेवावीच लागते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर उद्यावर ढकलू नये. मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठावं. आणि तिथे कुठल्या गोळ्या, दिवसाला किती, कधीपासून घेतेय हे विचारायच्या आधीच डॉक्टरला सांगावं.