शाळेतला 'मित्र'

चालता-बोलता मुलगा दहावीत गप्प झाला, की आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ असेच चालले, तर ते नैराश्य असू शकते. पण शाहूवाडीच्या वाड्या-वस्त्यांवर मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?

गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत याचा अभ्यास केला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत तज्ज्ञ नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला 'मित्र' नेमला. काहींत तेच काम शिक्षकाकडे दिले. 'मित्र' असलेल्या शाळांत नववीच्या मुलांमधील नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. गुण देणाऱ्यापुढे मन मोकळे करणे अवघडच, असे आम्हांस वाटते.

हे काम आपल्या पदवीधर तरुणांनाही शिकता येईल. तोवर विद्यार्थ्यांनी १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर मराठीत बोलावे. पैसे लागत नाहीत.