बावखल नावाचे बांधकाम

वसईच्या किल्ल्याकडून अर्नाळ्याच्या दिशेने किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले की रानगावनंतर भुईगाव लागते. एका बाजूला सुरूची रांग आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या. या वाड्यांच्या पोटात, नारळीपोफळींच्या सावलीत, हिरवट पाण्याचा एक आडवातिडवा खड्डा असायचा, काही ठिकाणी अजूनही आहे. त्याला वसईत बावखल म्हणतात. घाईत पाहणाऱ्याला ते डबके वाटते, आणि डबके वाटले म्हणूनच अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. प्रत्यक्षात बावखल हे विचारपूर्वक केलेले बांधकाम आहे. विहिरीपेक्षा बरेच रुंद, विहिरीपेक्षा उथळ, रेताड जमिनीत माणसांनी हाताने खणलेले. त्यात पावसाचे पाणी साठते असे म्हणणे अर्धेच खरे आहे. मुख्यतः जमिनीतलेच पाणी तिथे उघड्यावर आलेले असते. या पाण्यावर केळी, पानवेली, फुले आणि भाजी पिकली, आणि राजेळी केळ्यांची सुकेळी इथून बाजारात गेली. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडे पाणी बारमाही कसे मिळाले, हा प्रश्न स्थापत्य अभियांत्रिकीचा आहे. या शाखेचे विद्यापीठातले शिक्षण आणि संशोधन अशाच प्रश्नापासून सुरू व्हायला हवे.

बावखल का चालते ते आधी पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा. तिथे पाणी खडकाच्या भेगांत आणि कुजक्या मुरुमात सापडते, आणि आपल्याकडची भूजलाची समजूत त्याच पाषाणावर घडलेली आहे. वसईचा किनारा वेगळा. इथे वाळू आहे, आणि वाळूत पाणी कणाकणांतल्या पोकळीत सर्वत्र भरलेले असते. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला मोठा हिस्सा वाळूत मुरतो आणि समुद्राकडून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. तरंगतो हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ भरते. या एवढ्याशा फरकातून एक विलक्षण प्रमाण निघते: भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर गोड्या पाण्याचा थर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत असू शकतो. बादोन गायबेन या डच लष्करी अधिकाऱ्याने हे १८८८-८९ च्या सुमारास मांडले आणि हेर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ साली स्वतंत्रपणे, म्हणून ते दोघांच्याही नावाने शिकवले जाते. त्याची उलट बाजू मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्याने विसरून चालत नाही. वरची पातळी उपशाने १ मीटर खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर चढायला बघते. प्रत्यक्षात मातीचे थर, भरती-ओहोटी आणि पावसाळे मध्ये येत असल्याने हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा तीच असते. खोल बोअर मारून जोरात उपसा केला की बोअरच्या तोंडाखाली खाऱ्या पाण्याचा शंकू उभा राहतो आणि पाणी आधी मचूळ, मग खारे होते. बावखल खोल जात नाही. ते रुंदीत पसरते आणि दुधावरची साय काढावी तसे वरवरचे गोडे पाणी देते. म्हणजे ज्या आकाराला अडाणीपणा म्हटले जाते, तो आकारच या जमिनीचे उत्तर आहे.

बावखलाच्या काठी रहाट असे, आणि रहाट वेगळा काढून बावखल समजत नाही. आडव्या चाकाला दांडा, दांड्याला बैल किंवा रेडा. आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकलेले, आणि उभ्या चाकावरून पाण्यात सोडलेली मडक्यांची माळ. जनावर गोल फिरते, मडकी पालथी बुडतात, भरून वर येतात, पन्हळीत रिकामी होतात, आणि पाणी पाटाने आळ्याआळ्यापर्यंत जाते. या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची मर्यादा. एका बैलाची ताकद ढोबळमानाने अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास. तो थकतो, उन्हात थांबतो, रात्री गोठ्यात असतो, आणि तेवढ्या वेळात वाळूतून झिरपणारे पाणी बावखल पुन्हा भरून काढते. वीज आल्यावर पाच अश्वशक्तीचा पंप त्याच काठावर बसला, आणि जमिनीची पाणी देण्याची गती व माणसाची उपसण्याची गती यांतला मेळ सुटला. पंप थकत नाही. पंपामुळे माणसाचे आणि जनावराचे कष्ट वाचले, त्यामुळे पंप येणे वाईट होते असे कोणीही म्हणू नये. म्हणायचे इतकेच की रहाट जे काम नकळत करत होता, ते पंप आल्यावर कोणीतरी जाणूनबुजून करायला हवे होते: पातळी मोजणे, क्षार मोजणे, रोज किती उपसायचे ते ठरवणे. ते काम म्हणजेच अभियांत्रिकी.

आपल्या देशातले स्थापत्य शिक्षण मुळात असे जवळच्या कामांतूनच उभे राहिले. रुडकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले ते गंगेच्या कालव्याला माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावेत म्हणून. पुढे ते कॉलेज ऑफ सायन्स झाले, मग कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, आणि २०२२ पासून ते तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली तिथूनच पदवी घेऊन मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले, आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्याच इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या अभ्यासासाठी उभारलेल्या छोट्या विभागातून खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले, जिथे आज बंदरांची आणि किनाऱ्यांची लहान प्रमाणातली प्रतिरूपे बांधून लाटा सोडल्या जातात. बाहेरही हेच दिसते. भूजलाचा प्रत्येक विद्यार्थी ज्या नियमाने सुरुवात करतो तो हेन्री दार्सीने १८५६ साली प्रसिद्ध केला, आणि ज्या ग्रंथात केला त्याचा विषय होता दिजों या एका फ्रेंच शहराचे सार्वजनिक पाणी. वाळूतून पाणी किती वेगाने जाईल, हा त्याला पडलेला प्रश्न गावचा होता, नियम मात्र जगाचा झाला.

म्हणून ‘स्थानिक विषय घेतला तर विद्यार्थ्याची झेप खुंटेल’ ही भीती इतिहासाला धरून नाही. ॲम्स्टरडॅमचे उदाहरण तर वसईच्या फार जवळचे आहे. त्या शहराने १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतले गोडे पाणी प्यायला घेतले. शहर वाढले, उपसा वाढला, खारे पाणी वर सरकू लागले. १९५७ पासून ऱ्हाईन नदीचे पाणी आधी शुद्ध करून त्याच वाळूत मुरवले जाते आणि मग पुन्हा काढले जाते. डचांनी वाळू बुजवली नाही, तिला पाणीपुरवठ्याचा भाग करून घेतले. हे ज्या अभ्यासातून घडले तो मुळात एका किनाऱ्याचा होता, आणि आज तो जगभर शिकवला जातो.

आता मुंबई विद्यापीठाच्या सिव्हिलच्या वर्गाकडे वळू. वसई रोडला विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे, तिथे स्थापत्य शाखा आहे, आणि भुईगाव तिथून एका दुपारच्या फेरीचे ठिकाण आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने राज्य सरकारने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान हाती घेतले. जिल्ह्यातल्या प्रश्नांवर जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांनी काम करावे ही त्यामागची कल्पना. वाट आखलेली आहे. अभ्यासक्रमातही काही कमी नाही. जिओटेक्निकलच्या प्रयोगशाळेत चाळण्यांची चळत हलते, ४.७५ मिलिमीटरपासून ७५ मायक्रॉनपर्यंत. प्रत्येक चाळणीवर उरलेल्या वाळूचे वजन घेतले जाते, आलेख काढला जातो, जर्नलवर सही होते. ती वाळू बहुधा प्रयोगशाळेतल्या पोत्यातली असते. तीच वाळू भुईगावच्या बावखलाच्या काठावरून आणली, तर आलेखाला एकदम अर्थ येतो. समजा, वजनाने १० टक्के कण ०.२ मिलिमीटरहून बारीक निघाले. हेझनच्या ढोबळ सूत्राने पाझराचा गुणांक सेकंदाला ०.०४ सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३५ मीटर. भूजलाचा उतार ५०० मीटरला १ मीटर आणि वाळूतली पोकळी ३० टक्के धरली, तर पाण्याचा थेंब दिवसाला जेमतेम पाव मीटर सरकतो, वर्षाला ८० ते ८५ मीटर. हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट ध्यानात येते: वाडीच्या वरच्या अंगाला आज शोषखड्ड्यातून जे जमिनीत जाते, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेजारच्या बावखलात पोचू शकते. चाळण्यांचा प्रयोग असा शिकवला तर तो व्हायवापुरता उरत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप तांत्रिक आहे: उघड्या पाण्याची वाफ होते, मग झाकलेली विहीर बरी नाही का? वाफ होते हे खरे, आणि आपल्या हवेत वर्षाकाठी ती दीड-दोन हजार मिलिमीटरच्या घरात जाऊ शकते. पण बावखलाचे क्षेत्रफळ वाडीच्या मानाने लहान असते, आणि अरुंद विहिरीला तेवढेच पाणी देण्यासाठी पातळी अधिक खाली ओढावी लागते. किनाऱ्यावर तीच ओढ घातक असते. कोणते नुकसान मोठे, हे हिशेबाने ठरते, आणि तो हिशेब अजून गावोगाव मांडायचा आहे. दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे. आजच्या बावखलात सांडपाणी झिरपते, डास होतात, कचरा पडतो. हेही खरे. परंपरेचे गोडवे गाऊन नायट्रेट कमी होत नाही. दाट वस्तीचे संडास रेताड जमिनीत मुरत असतील तर बावखलाचे पाणी पिण्याचे नाही, असे अभियंत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र त्यावरचा उपाय मलवाहिनी आहे, भराव नाही. बावखल बुजवले तरी दूषित पाणी वाळूत आहे तिथेच राहते, फक्त दिसेनासे होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आता नळाचे पाणी येते, बावखल हवे कशाला? सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली, आणि शहराला तिची नितांत गरज होती. लाखोंची तहान बावखलांवर भागणार नाही, तसा दावा करणेच चूक. पण नळाचे पाणी वाडीतल्या केळीसाठी नसते, ते आदिवासी तालुक्यांच्या उशापासून आणलेले असते, आणि पुराच्या दिवशी ते काहीच कामाचे नसते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले, रेल्वे बंद पडली, मिठागरांत माणसे अडकली. त्यानंतर कारणे शोधण्यासाठी महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांना पाचारण केले. पावसाला मुरायला आणि थांबायला जागा हवी, हा अशा अभ्यासाचा पायाच असतो. रेताड पट्ट्यातले प्रत्येक बावखल ही अशी एक जागा आहे. त्यावर चिकट मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक बसवले की तो चौकोन पाणी आत घेणे बंद करतो आणि तेच पाणी शेजाऱ्याच्या उंबरठ्याकडे ढकलतो.

राहिला प्रश्न संशोधकाच्या पोटापाण्याचा. गावच्या खड्ड्यावर लिहिलेला निबंध कोण छापणार, आणि तो न छापला तर बढती कशी मिळणार? किनाऱ्यावरच्या भूजलात आज सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे सलग नोंदी: एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे घेतलेल्या. संगणकावरची प्रतिमाने कितीही असली तरी ती पडताळायला असे आकडे लागतात, आणि ते विकत मिळत नाहीत. फायनल इयरचा प्रकल्प एका वर्षाचा असतो, ब्लॅक बुक बांधून झाली की कपाटात जाते, पुढची तुकडी नव्या विषयापासून सुरू करते. महाविद्यालयाने याऐवजी वीस बावखले निवडावीत, त्यांची उंची लेव्हल लावून समुद्रसपाटीशी जोडून घ्यावी आणि प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती वही द्यावी. खर्च फार नाही. काठावर रोवलेली खुणांची पट्टी, क्षार मोजण्याचे हातातले यंत्र, पाण्याचे नमुने घ्यायला बाटल्या, आणि वाडीवाल्याची परवानगी. ती परवानगी मागायला गेलेल्या विद्यार्थ्याला पाणी कोणत्या महिन्यात मचूळ लागते हे वाडीवाला आकड्याआधीच सांगेल, आणि ते वहीत त्याच्या शब्दांत उतरवून घ्यावे लागेल. पंधरवड्याला एक फेरी, एका बावखलाची वर्षाला चोवीस मापे, दहा वर्षांत दोनशे चाळीस. वीस बावखलांची चार हजार आठशे. वैशाखातली सर्वांत खालची पातळी, मृगाच्या पहिल्या सरीनंतर ती किती दिवसांनी वर येते, अमावास्येच्या उधाणाला किनाऱ्यालगतच्या बावखलात काही बोटांचा फरक पडतो का, आणि शेजारी इमारत उठली त्या वर्षी क्षार किती होते, हे सगळे त्या वहीत असेल.