खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे रोज कोण भरवणार? पेण-रोह्यातून करता येणारा छोटा धंदा



व्हिडिओत आपण घरगुती समुद्री मत्स्यालयाच्या धंद्याची तोंडओळख करून घेतली. वेळेअभावी खाद्याचा भाग तिथे पूर्ण सांगता आला नाही, तो इथे सविस्तर लिहितोय. आरामात वाचा, जमलं तर वहीत टिपून ठेवा.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. समुद्री टाकी बसवून देणं हा मोठ्या भांडवलाचा धंदा आहे. टाकी, लाईट, स्किमर, चिलर, मासे, सगळंच महाग. पण बसवलेल्या टाकीतल्या माशांना बरोबर खायला घालणं हे काम कमी भांडवलात होतं आणि ते नीट करणारी माणसं फार कमी आहेत. आजचा मुद्दा एवढाच: गिऱ्हाईक तुम्हाला खाद्याचे पैसे देत नाही, टाकी जिवंत राहण्याचे पैसे देतं.

गिऱ्हाईक आहे कुठे?

पेण किंवा रोहा शहरात घरोघरी समुद्री टाक्या सापडणार नाहीत. पण नकाशा बघा. पेणहून अलिबागचा रस्ता निघतो आणि त्या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले आहेत, रिसॉर्ट आहेत. रोह्याहून रेवदंडा, मुरूड, कोलाडकडे जाता येतं. दिवा-पनवेल-रोहा रेल्वेमुळे पनवेल, नवी मुंबईही हाताशी. सुट्टीच्या बंगल्याचा मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. मासे मात्र सातही दिवस तिथेच असतात. सोमवार ते शुक्रवार त्यांना बघायचं कुणी? हीच तुमची जागा.

जास्त खाणं म्हणजे विष, ते कसं?

माशाने खाल्लेलं पचतं आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेलं तळाला कुजतं, त्यातूनही अमोनियाच होतो. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पण जिवाणूंची ताकद ठरलेली असते. एका दिवसात दुप्पट खाणं पडलं, तर ते लगेच दुप्पट काम करू शकत नाहीत.

गोड्या पाण्यापेक्षा इथे धोका जास्त. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत खपून जाणारी चूक इथे मासे मारते.

ढोबळ नियम तीन:

१. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढंच द्या. उरलं तर जाळीने काढा.
२. एकदम मूठभर देण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा चिमूटभर द्या.
३. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरा. डोळा बघितला की हात आपोआप आखडतो.

कुणाला काय?

*क्लाउनफिश, डॅमसेल:* हे सगळं खातात. बारीक दाणे, चिरलेली कोळंबी, आर्टेमिया.

*टँग, म्हणजे सर्जनफिश:* हे मुळात शेवाळ चरणारे. यांना सुकवलेली समुद्री शेवाळाची पानं, म्हणजे नोरी, क्लिपला लावून द्या. मसाला किंवा तेल लावलेली नोरी चालत नाही. नुसत्या कोळंबीवर ठेवलेला टँग खंगत जातो.

*लायनफिशसारखे शिकारी:* यांना रोज लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा कोळंबी किंवा समुद्री माशाचा तुकडा पुरतो. काही जण मजा म्हणून जिवंत गोल्डफिश सोडतात, तुम्ही ते करू नका. ते शिकाऱ्याच्या यकृताला बाधतं.

*मँडरिन:* दिसायला सगळ्यात देखणा, पण दिवसभर बारीक जिवंत कोपेपॉड टिपत फिरतो. नव्या टाकीत तो उपाशी मरतो. गिऱ्हाईकाने मागितला तरी "वर्षभर थांबा" असं सांगायचं धाडस ठेवा.

आणि प्रवाळ?

इथे बहुतेक लोक गडबडतात. उथळ पाण्यातल्या बऱ्याच प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे अशा प्रवाळाचं मुख्य जेवण *लाईट* आहे. वरून दिलेलं खाणं म्हणजे तोंडीलावणं. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

पद्धत अशी: पंप दहा-पंधरा मिनिटं बंद करा. आर्टेमियाची पिल्लं किंवा रोटिफर ड्रॉपरमध्ये घेऊन पसरलेल्या तोंडांजवळ अगदी हळू सोडा. बरेच प्रवाळ अंधार पडल्यावर तोंडं उघडतात, त्यामुळे संध्याकाळची वेळ बरी. माशांना आधी भरवा, नाहीतर ते प्रवाळाच्या तोंडचा घास पळवतात. शेवटी पंप चालू करायला विसरू नका. मोबाईलवर गजर लावा.

कायद्याची लाल रेघ

हा परिच्छेद दोनदा वाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ आहेत. समुद्री पंखे, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री घोडेही संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रातून "एक तुकडा आणला" हाही गुन्हाच. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा प्रवाळाची खरेदी, विक्री, अदलाबदल यात पडू नका. गिऱ्हाईकाच्या टाकीत कठीण प्रवाळ दिसला, तर काम घेण्याआधी कागदपत्रं विचारा. शंका असेल तर अलिबाग किंवा रोह्याच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. चार हजारांच्या कामासाठी चार वर्षं घालवायची नाहीत.

माशांच्या बाबतीत चांगला मार्ग आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभी केली आहे. तिला लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं तांत्रिक मार्गदर्शन आहे. तिथे क्लाउनफिश वाढवतात. हॅचरीतला मासा लहानपणापासून माणसाच्या हातचं खायला शिकलेला असतो, त्यामुळे तो टाकीत लवकर रुळतो. जमलं तर एकदा जाऊन बघा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना आधी रोटिफर, मग आर्टेमिया देतात. हॅचरीचं सगळं गणित खाद्यावरच उभं असतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आपल्या बाजारातलं खाद्य

परदेशी डबे महाग. आपल्याकडे कोळंबी, माकुल, तिसऱ्या, जवळा हे सगळं बाजारात मिळतं. एक साधं मिश्रण देतो:

सोललेली कोळंबी २०० ग्रॅम, माकुल १०० ग्रॅम, तिसऱ्यांचं मांस १०० ग्रॅम, कमी तेलाच्या पांढऱ्या माशाचं मांस १०० ग्रॅम, नोरीची दोन-तीन पानं. सगळं आरओच्या पाण्यात धुवा, बारीक चिरा, पिशवीत पातळ थापून गोठवा. लागेल तसा तुकडा मोडता येतो. मीठ, हळद, तेल काहीही नको.

काळजी अशी:

• सुका जवळा वाळूत वाळवलेला असतो. चाळून, धुऊन, भिजवूनच वापरा.
• पाकिटातल्या गोठवलेल्या कोळंबीला बऱ्याचदा फॉस्फेट लावलेलं असतं. त्याने टाकीत शेवाळ माजतं. ताजी घ्या.
• गोठवलेलं खाद्य वाटीत वितळवा, गाळा, आणि गाळलेलं पाणी फेकून द्या. ते टाकीत ओतलं की घाण वाढते.
• खाडीतलं जिवंत खाद्य थेट सोडू नका. त्यातून रोग, परजीवी येतात. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचं तर अजिबात नको.
• पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. मे महिन्यातच साठा करून ठेवा.

जिवंत आर्टेमिया घरी काढता येतात. अंडी बंद डब्यात विकत मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मिठागराचं खडे मीठ, खालून जोरात हवा, वर उजेड, पाणी २६ ते २८ अंश. साधारण चोवीस तासांत पिल्लं निघतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे जमतात. ती लगेच भरवा. उशीर झाला की ती स्वतःचाच साठा खाऊन पोकळ होतात. हे मीठ फक्त आर्टेमियाच्या बाटलीसाठी. मुख्य टाकीला समुद्री मिश्रणाचंच मीठ लागतं, कारण खडे मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम पुरेसं नसतं.

विकायचं काय? "डबी योजना"

मालक घरात नसताना मासे उपाशी मरणं दुर्मिळ. निरोगी मोठे मासे तीन-चार दिवस सहज काढतात. मरतात ते शेजाऱ्याच्या किंवा माळीकाकांच्या प्रेमाने. "बिचारे भुकेले दिसले" म्हणून अर्धा डबा रिकामा!

यावर उपाय म्हणजे औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी. प्रत्येक कप्प्यात त्या दिवसाचं सुकं खाद्य मोजून भरा. खाद्याचा मोठा डबा कपाटात कुलूपबंद. माळीकाकांना एकच सूचना: "एक दिवस, एक कप्पा. लाईट गेली तर तो कप्पा तसाच ठेवायचा." याचं कारण त्यांना समजावून सांगा. पंप बंद असला की पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि खाल्लेलं पचवायला माशाला तो जास्त लागतो. आपल्या पावसाळ्यात हा नियम किती वेळा लागेल, ते तुम्हाला माहीतच आहे.

आठवड्यातून एकदा तुम्ही जा. गोठवलेलं खाद्य द्या, अमोनिया आणि नायट्रेट तपासा, उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, फोटो काढून मालकाला पाठवा. अमोनिया शून्यच हवा. नायट्रेट आठवड्यागणिक चढत असेल, तर कप्प्यातलं खाणं कमी करा.

उदाहरणापुरता हिशेब मांडू. समजा सहा गिऱ्हाईकं, प्रत्येकी महिना १,५०० रुपये. जमा ९,०००. पेट्रोल २,०००, टेस्ट किट ८००, खाद्य ७००. हातात ५,५००. यावर घर चालणार नाही. पण आठवड्याचा एक दिवस जातो आणि सहा टाक्यांचं शिक्षण फुकट मिळतं. गणपतीत आणि मे महिन्यात लोक बाहेरगावी जातात, तेव्हा जास्तीच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे घ्या.

पुढे मासे वाढवायचे असतील, तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च ३ लाख धरला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज सुरू आहेत का, ते अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागातल्या पाच रिसॉर्ट किंवा बंगल्यांत विचारा: समुद्री टाकी आहे का, खायला कोण घालतं, गेल्या वर्षात किती मासे गेले?
२. वरचं मिश्रण अर्ध्या प्रमाणात करून बघा, वजन आणि खर्च लिहा.
३. आर्टेमियाची एक बाटली लावा. तीन वेळा सलग जमली की मगच गिऱ्हाईकाशी बोला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नक्की लिहून ठेवा. वर्षात किती मासे गेले आणि त्यांची किंमत किती, हा आकडा मालकासमोर मांडलात, की तुमची महिन्याची फी त्याला महाग वाटणार नाही.