मदत येईतो

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे अवकाश असता, किल्लारीची भूमी हादरली आणि काळ्या मातीत रचलेल्या दगडी भिंती, डोईवरच्या माळवदाच्या भारासह, निद्रिस्त कुटुंबांवर कोसळल्या, तेव्हा सरकारी कुमक पोचण्यापूर्वी ढिगारे उपसू लागले ते शेजारीच; कुदळ, पहार, नाहीतर नुसते हात.

त्या घटनेचे मर्म गोदाकाठच्या उमरी तालुक्यासही लागू आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघणार. पूर काही तिची वाट पाहत थांबत नाही. म्हणूनच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आरंभिली, व पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडविण्याचा संकल्प केला. बारा दिवसांच्या शिक्षणात प्रथमोपचार, शोध, सुटका यांचे पाठ असतात. सरंजामात तरंगजाकीट, दोर, विजेरी, शिटी, हातमोजे, औषधपेटी. यांत शिटी क्षुल्लक वाटते खरी. परंतु ढिगाऱ्याखाली वा अंधाऱ्या पाण्यात अडकलेल्याचा घसा बसतो, शिटी बसत नाही.

सामानाची तजवीज करणे सोपे, ते राखणे अवघड. ओला दोर तसाच गुंडाळून कोठीत टाकला की कुजतो. विजेरीतले सेल पाझरून तिलाच खातात. तेव्हा मृग लागण्याआधी पेटी उघडावी, दोर वीतवीत चाचपावा, कुजका तुकडा निर्दयपणे कापावा, आणि किल्ली कोणाच्या घरी आहे हे निदान चौघांना ठाऊक असावे.