हमीची मुदत संपल्यानंतर

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात एखादी नवी वस्तू आणावी ही आपल्याकडची रीत. पूर्वी गुंजभर सोने येई. आता फ्रीज येतो, धुलाईयंत्र येते. या वस्तूंची गॅरंटी बहुधा एक वर्षाची असते. म्हणजे पाडव्याला घेतलेली वस्तू पुढच्या पाडव्याच्या आसपास पोरकी होते, आणि चैत्र-वैशाखाचा उन्हाळाही नेमका तेव्हाच पेटतो. आमच्या घरचा फ्रीज असाच तेराव्या महिन्यात बंद पडला. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळला, दूध नासले. माझ्या पत्नीचे इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवावे लागले, आणि दिवसातून दोनदा त्यांची कडी वाजवताना तिला संकोच होई. कंपनीचा माणूस आला, कॉइलमधून गॅस गळला आहे असे म्हणाला, नऊ हजारांच्या पुढचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "साहेब, गॅरंटी संपली, आता आमच्या हातात काही नाही."

त्याचे हे वाक्य निम्मे खरे होते. उरलेल्या निम्म्याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम शब्दाचाच घोळ सोडवू. आपण ज्याला गॅरंटी म्हणतो ती कायद्याच्या भाषेत गॅरंटीच नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे जामीनकी, एकाने दुसऱ्यासाठी राहिलेला जामीन. फ्रीजबरोबर मिळते ती वॉरंटी, म्हणजे वस्तूच्या गुणाविषयीचे आश्वासन. आणि हे आश्वासन एकटे नसते. वस्तू विकली जाते तेव्हा दोन आश्वासने दिली जातात, आणि ती देणारेही दोन असतात. एक आश्वासन कारखानदाराचे: वर्षभरात काही बिघडले तर फुकट दुरुस्त करून देईन. हे त्याने आपखुशीने दिलेले असते, म्हणून मुदत आणि अटीही त्याच्याच. दुसरे आश्वासन कोणी तोंडाने देत नाही, कागदावर लिहीत नाही. ते कायदा दुकानदाराच्या तोंडी घालतो.

१९३० च्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम हे ते दुसरे आश्वासन. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, असे हे कलम सांगते. गिऱ्हाइकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याची तक्रार त्याला करता येत नाही. परंतु फ्रीजच्या अंगात दडलेल्या कॉइलचा कच्चा जोड दुकानात उभे राहून कोणाला दिसणार? याच कलमाच्या शेवटी एक लहानसे पोटकलम आहे. स्पष्टपणे दिलेल्या हमीमुळे कायद्याने गृहीत धरलेली हमी रद्द होत नाही, दोहोंत विसंगती असेल तेवढेच निराळे, असे ते म्हणते. एका वर्षाची लेखी हमी दिली म्हणून त्यानंतर वस्तू कशीही असली तरी चालेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

एक अडचण मात्र लपवीत नाही. याच कायद्याचे बासष्टावे कलम उभयपक्षी स्पष्ट करार करून असे गृहीत हक्क बाजूला ठेवण्याची मुभा देते, आणि म्हणूनच हमीपत्रावर बारीक टायपात "याव्यतिरिक्त कोणतीही हमी नाही" असे छापलेले आढळते. माझे मत असे की, पैसे चुकते केल्यावर, वस्तू घरी आल्यावर, खोक्यातून निघालेल्या कागदाला करार म्हणणे कठीण आहे. पण हे माझे मत झाले. समोरचा वकील याच्या उलट बोलेल हे धरूनच चालावे.

ग्राहकाच्या बाजूने अधिक भक्कम आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायद्याचा. पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने, स्पष्ट अथवा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्याने जो दर्जा राखणे आवश्यक ठरते, त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येत गॅरंटीच्या मुदतीचा उल्लेख नाही. तक्रारीला जी मुदत आहे ती निराळी: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ते कारण नेमके कोणत्या दिवशी घडले यावर वाद होतात, म्हणून दोष प्रथम दिसला त्या दिवसापासून मोजणे शहाणपणाचे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. पण त्या आशेवर बसू नये.

मग गॅरंटी संपल्याने बदलते तरी काय? बदलतो तो पुराव्याचा भार. वर्षाच्या आत वस्तू बिघडली की ती बिघडली एवढेच दाखवावे लागते. वर्षानंतर ती का बिघडली हे दाखवावे लागते, आणि सगळा झगडा या 'का'चा आहे.

विजेची वस्तू तीन कारणांनी बंद पडते: झिजेने, बाहेरच्या आघाताने, किंवा जन्मजात दोषाने. पंख्याचा कपॅसिटर काही वर्षांनी मंदावतो आणि पंखा रेंगाळू लागतो, ही झीज. इलेक्ट्रॉनिक पाटीवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. भिंतीला चिकटून, उन्हात ठेवलेले यंत्र लवकर गेले तर थोडा दोष आपलाही. विजेचा दाब एकाएकी वाढून कॉम्प्रेसरचे वेटोळे जळले, तर तो आघात. कंपन्यांचे हे आवडते उत्तर. काहीही झाले तरी 'व्होल्टेज'. पण दाब वाढल्याने वेटोळे जळते, पाटी जळते. कॉइलच्या नळीला भोक पडत नाही. आमच्या फ्रीजच्या बाबतीत हा एक मुद्दा फार उपयोगी पडला. कोकणात खाऱ्या हवेने वातानुकूलन यंत्राची कॉइल खाल्ली जाते, तेथे कंपनी हवेकडे बोट दाखविते. रत्नागिरीच्या दुकानदाराला रत्नागिरीची हवा ठाऊक नव्हती काय, हा माझा त्यावरचा प्रश्न.

तेव्हा कारण लिहून घ्यावे. तंत्रज्ञ येतो, जॉबशीटवर 'नॉट कूलिंग' एवढेच खरडतो आणि सही मागतो. सही करण्यापूर्वी काय बिघडले, कोणता भाग, कशामुळे, हे त्याच्याच हस्ताक्षरात मागावे. कंपनीच्या माणसाने पाहण्यापूर्वी गल्लीतल्या मेस्त्रीकडून वस्तू उघडून घेऊ नये, नाहीतर "तुम्हीच छेडछाड केली" हे उत्तर ठरलेले. घरात औषध आहे, उन्हाळा आहे, थांबता येत नाही, हेही मी जाणतो. मग निदान छायाचित्रे काढावीत आणि काढलेला जुना भाग मेस्त्रीला नेऊ देऊ नये. तो भाग हाच साक्षीदार. आयोगाला गरज वाटली तर दोषाच्या तपासणीसाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविता येते.

हमीपत्रही नीट वाचावे, कारण त्यात कधी कधी आपल्याच फायद्याचे असते. वस्तूवर एक वर्ष आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षे, अशी जाहिरात नेहमीची. ती खोटी नसते. फक्त गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा आकार आपल्याकडे असतो, एवढे खाली बारीक लिहिलेले असते. दहा वर्षे हा आकडा मोठ्या अक्षरात आणि अटी मुंगीच्या पावलांएवढ्या, हा प्रकार मला संतापजनक वाटतो.

दाद मागण्याची वाट पुष्कळांना वाटते तेवढी अवघड नाही. आधी दुकानदार आणि कारखानदार दोघांनाही लेखी पत्र पाठवावे. एकालाच पाठविले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मी वकील असून हे सांगतो. दोषनिवारण, वस्तू बदलून देणे, पैसे परत, नुकसानभरपाई, यांपैकी योग्य तो आदेश आयोग देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि फ्रीजवाचून एवढे दिवस कोणी काढीत नाही. म्हणून पत्राच्या टप्प्यावरच तड लावण्याकडे माझा कल असतो. वस्तूने पेट घेतला, कोणाला विजेचा धक्का बसला, तर मात्र गोष्ट निराळी. त्यासाठी २०१९ च्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि तेथे तडजोडीची घाई करू नये.

आता आमच्या फ्रीजचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे झाले होते. पाचव्या महिन्यात याच फ्रीजमध्ये एकदा गॅस भरला होता, गॅरंटीत, फुकट. आणि त्याचा कागद मी घेतला नव्हता. दोष गॅरंटीच्या काळातलाच, वर्षानंतर तो फक्त पुन्हा उघडा पडला, असे म्हणावयाचे तर त्या भेटीचा पुरावा हवा. आयुष्यभर पक्षकारांना 'कागद आणा' म्हणत आलो, आणि स्वतःच्या घरी कागद नाही! तो सुनेने शोधला. तक्रार तिच्या मोबाईलवरून नोंदविली होती, आणि तक्रार क्रमांकाचा संदेश तारखेसह तिच्याकडे शिल्लक होता. त्या क्रमांकाचा उल्लेख करून, गळतीचा व्होल्टेजशी संबंध नाही हे एका वाक्यात लिहून, दुकानदार आणि कंपनी यांना मी स्पीड पोस्टाने पत्रे पाठविली. तीन आठवड्यांनी माणूस आला. कॉइल कंपनीने दिली, गॅस आणि मजुरी मी दिली. पूर्ण रक्कम मागण्याचा माझा हक्क होता असे मला अजून वाटते. पण इन्सुलिन शेजारी ठेवून मला तो लढवावयाचा नव्हता. जाताना त्या माणसाने जॉबशीट पुढे केले. मी पेन उघडण्याआधीच पत्नीने ते हातात घेतले, वाचले आणि त्याला म्हणाली, "गळती कुठून होती, ते इथे लिहा."