हा दगड घडलेला की घडवलेला?

पाऊस ओसरला की साखळीला वाळवंटी नदीच्या पात्रातले गोटे उघडे पडतात. काठाने चालताना त्यातला एखादा नजरेत भरतो. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला गोल आणि हातात घेतला तर अंगठा बरोबर खळगीत बसतो. हे आदिमानवाचे हत्यार तर नसेल, अशी शंका लगेच मनात येते. पेडण्यातल्या केरी-हरमलच्या किनाऱ्यावर किंवा डिचोलीच्या एखाद्या व्हाळात फिरणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधता येते, पण त्यासाठी आधी आपला मुलूख आणि त्यातला दगड ओळखावा लागतो.

या विषयावरचे बरेचसे लेखन युरोप-अमेरिकेतले आहे आणि तिथे हिमनदीपासून सावध राहायला सांगतात. हिमनदीच्या तळाशी अडकलेला दगड खालच्या कातळावर घासत पुढे सरकतो. त्याची एक बाजू पाट्यासारखी सपाट होते आणि तिच्यावर समांतर ओरखडे उठतात. दगड कुशीवर वळला की दुसरी बाजू झिजू लागते. असा पैलू पडलेला दगड कुणी मुद्दाम घासल्यासारखा दिसतो.

गोव्यात मात्र ही शंका घेण्याचे कारण नाही. शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वीसुद्धा, इथे हिमनदी पोचली नव्हती. इथे बदलला तो समुद्र. त्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला दूर सरकला होता. त्या काळी माणसे जिथे वावरली असतील, त्यातली बरीच जमीन आज अरबी समुद्राखाली आहे. मराठी मुलखात हिमनदीचे ओरखडे पाहायचे तर थेट चंद्रपूर गाठावे लागते. तिथल्या इरई गावाजवळ भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ साली असा कातळ नोंदवला. ते ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे भारत गोंडवन भूखंडाचा भाग होता त्या काळातले. तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता.

गोव्यातल्या दगडाला आकार देणारे हात वेगळे आहेत: नदी, लाटा, ऊन-पाऊस आणि अलीकडच्या काळात यंत्रे.

दगडाची जात आधी पाहावी. पेडण्याच्या सड्यांवर आणि डिचोलीच्या डोंगरमाथ्यांवर पसरलेला जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्याचे चिरे निघतात, पण ठोकून धारदार छिलका निघत नाही. जांभ्यातल्या लोहाच्या गाठी, पोकळ गोळे आणि नळ्यांसारखी भोके पाहून अनेकांना ती भांडी किंवा मणी वाटतात, पण पाणी झिरपून आणि लोह साचून हे आकार आपोआप तयार होतात. डिचोलीचे नाव भूविज्ञानात एका शैलसमूहालाच मिळाले आहे. लोहाचे पट्टे असलेला क्वार्टझाइट त्यातलाच. पट्ट्यांच्या रेषेवर तो आपसूक फुटतो आणि कडा धारदार निघतात. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर ग्रेवॅक नावाचा जुना, कठीण दगड दिसतो, तर नदीपात्रांत गारगोटीचे गोटे भरपूर मिळतात. हत्यार शोधायचे ते अशा कठीण, बारीक कणांच्या दगडांत.

अशा दगडावर कडेजवळ दुसऱ्या दगडाचा नेमका घाव बसला की शिंपल्यासारखा वक्र छिलका सुटतो. छिलक्याच्या आतल्या बाजूवर, घावाच्या जागेखाली, छोटा फुगवटा राहतो. पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा मंद लहरीही तिथून पसरलेल्या दिसतात. मूळ दगडावर त्याच मापाचा खोलगट व्रण उरतो. पण दरडीतून कोसळलेल्या दगडावरही असा एखादा व्रण पडू शकतो. म्हणून जाणकार व्रणांचा क्रम पाहतात. घाव एकाच कडेने ओळीने बसले आहेत का? एका बाजूचे छिलके काढून झाल्यावर दगड उलटवून दुसऱ्या बाजूनेही काढले आहेत का? दोन्ही बाजूंचे व्रण भेटून नागमोडी पण सलग धार तयार झाली आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर दगडामागे हेतू असल्याचा संशय बळावतो. गारगोटीत मात्र फुगवटा आणि लहरी स्पष्ट उमटत नाहीत, त्यामुळे तिच्याबाबत निर्णय द्यायला अनुभवी माणसेही वेळ घेतात.

हा धडा विज्ञानाला सहज मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन या किराणा दुकानदाराने हजारो ओबडधोबड गारा गोळा केल्या. त्यांना ‘इओलिथ’, म्हणजे उषःकालातले दगड, असे नाव मिळाले आणि नामवंत भूवैज्ञानिक जोसेफ प्रेस्टविच यांनी ती माणसाने घडवलेली हत्यारे असल्याच्या हॅरिसनच्या दाव्याची बाजू घेतली. पुढे १९०५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेलिन बूल यांनी मांत शहराजवळच्या सिमेंट कारखान्यात पाण्याच्या टाक्यांत घुसळून निघालेल्या गारा तपासल्या. त्यांच्या कडा हुबेहूब इओलिथसारख्या तुटलेल्या होत्या. १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी तुटलेल्या कडांचे कोन मोजले. माणसाने घडवलेल्या दगडांत हे कोन बहुधा ९० अंशांपेक्षा कमी असतात, आपोआप फुटलेल्या दगडांत रुंद कोनांचे प्रमाण बरेच जास्त असते. त्यांची कसोटी एकट्या दगडासाठी नव्हती, ती एका जागी सापडलेल्या पूर्ण संचाला लावायची होती. अडचण अजून संपलेली नाही. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटताना माणसाने काढल्यासारखे छिलके पाडतात, असे २०१६ साली नोंदवले गेले. थायलंडमध्ये तेलताडाच्या बिया फोडणाऱ्या माकडांबाबत तसाच निष्कर्ष २०२३ साली निघाला.

डिचोलीत अशा फसव्या तुकड्यांमागे आणखी एक कारण जोडावे लागते. अनेक दशकांच्या खाणकामाने तालुक्यात टाकाऊ दगडमातीचे डोंगर उभे राहिले. यंत्राचा दात, क्रशरचा जबडा आणि ट्रकचे चाक पट्टेरी दगडाचे ताजे, टोकदार तुकडे पाडतात. त्यांची ओळख रंगावरून पटते. ताजी तुटलेली बाजू चकचकीत आणि स्वच्छ असते, तर हजारो वर्षे पडून राहिलेल्या दगडावर सगळीकडे सारखी कांती चढते. नदीतले रांजणखळगेही असेच फसवतात. निघोजला कुकडी नदीने कातळात भोवऱ्यातल्या गोट्यांनी कोरलेले रांजण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना व्हाळातली गोल खळगी उखळासारखी का दिसते हे सांगावे लागणार नाही.

खऱ्या हत्यारांची उदाहरणे आपल्या जवळपासच आहेत. भारतातले पहिले पुराश्मयुगीन हत्यार ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळच्या पल्लावरमला मिळाले, तेही जांभ्याच्या खड्यांच्या थरात. प्रवरेकाठच्या नेवाशाजवळ चिरकी इथे गुद्रून कोर्विनस यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केले आणि हातकुऱ्हाडींचा मोठा साठा उजेडात आला. निघोजच्या त्याच कुकडीवर बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेसोबत हत्यारे सापडली. गोव्यात दूधसागर नदीकाठच्या शिगाव परिसरातून पुराश्मयुगीन हत्यारांची नोंद आहे. पेडण्याला लागूनच असलेल्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननातून दगडी हत्यारे बाहेर आली. हत्यारांखेरीज माणसाच्या जुन्या वावराच्या इतर खुणाही आहेत: सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली उसगाळीमळची चित्रे १९९३ मध्ये प्रकाशात आली. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांसोबत त्यांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. पेडणे आणि डिचोली या पट्ट्याच्या मधोमध आहेत, त्यामुळे तिथे पुढे काही सापडणारच नाही असे मानण्याचे कारण नाही.

हत्यारांच्या बाबतीत निर्णय होतो तो जागेमुळे. दगड कोणत्या थरात होता, शेजारी छिलके आणि ज्यातून ते काढले तो गाभा होता का, हा दगड मुळात त्या जागचा की दुरून आणलेला, हे पाहूनच तज्ज्ञ मत देतात. नदीने वाहून आणलेल्या खऱ्या हातकुऱ्हाडीचीही धार गोट्यासारखी गोल होते आणि मग तिच्याबद्दल फारच थोडे सांगता येते. घरी आणून शोकेसमध्ये ठेवलेला दगड कितीही सुंदर असला तरी त्याची जागा हरवलेली असते, आणि ती पुन्हा सांगता येत नाही.

म्हणून वाळवंटीच्या पात्रात, हरमलच्या किनाऱ्यावर किंवा मोपाच्या सड्यावर संशयास्पद दगड दिसला तर तो धुऊ नये, घासू नये आणि उचलूनही नेऊ नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मोबाइलवर जागेची नोंद करावी, आसपास तशाच दगडाचे आणखी तुकडे आहेत का पाहावे आणि ही माहिती पणजीच्या पुरातत्व खात्याकडे द्यावी. दहापैकी नऊ वेळा उत्तर ‘नैसर्गिक’ असे आले तरी हे कष्ट जरूर घ्यावेत.