विजेचा हिशेब चौरस मीटरमध्ये

ऑगस्ट २०१६मध्ये नॉर्वेतल्या हार्डान्गरविड्डा पठारावर वीज पडली आणि ३२३ रानटी रेनडिअर मेले. प्रत्येकाच्या अंगावर काही वीज कोसळली नव्हती. त्यांना मारलं ते जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाने.

हा प्रकार समजून घ्यायला बारावीच्या पुस्तकातली एक राशी उपयोगी पडते, विद्युतधारा घनता. प्रवाह भागिले काटछेदाचं क्षेत्रफळ, एवढं पाठ करून मुलं पुढे सरकतात. अँपिअर असताना हे आणखी कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पुस्तक त्याचं धड उत्तर देत नाही. अँपिअरवरून एकूण प्रवाह कळतो. तो कुठे दाटला, कुठे विरळ झाला, कोणत्या दिशेने गेला, हे कळत नाही.

विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरू आणि जमीन सगळीकडे सारखी मानू. प्रवाह आघाताच्या जागेपासून अर्धगोलात पसरतो. १० मीटरवर या अर्धगोलाचं पृष्ठफळ सुमारे ६२८ चौरस मीटर भरतं, म्हणजे दर चौरस मीटरला जेमतेम ४८ अँपिअर. २० मीटरवर तर १२च.

आता घरातली दीड चौरस एमएमची वायर घ्या. तिच्यातून १० अँपिअर गेले तर घनता होते दर चौरस मीटरला सुमारे ६७ लाख अँपिअर! तरी वायर शांत आणि ४८वाली जमीन जीवघेणी. गोम आहे रोधकतेत, म्हणजे पदार्थ प्रवाहाला किती अडवतो त्यात. घनतेला रोधकतेने गुणलं की दर मीटरला किती व्होल्टचा फरक पडतो ते मिळतं. तांब्याची रोधकता इतकी कमी, की वायरीत हा फरक मीटरला ०.११ व्होल्ट. ओलसर मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर तिथे तो ४,८०० व्होल्ट!

चार पायांच्या जनावराची पंचाईत इथेच होते. पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असलेली गाय आघाताच्या दिशेने तोंड करून १० मीटरवर उभी असेल, तर तिच्या पायांदरम्यान सहा हजारांवर व्होल्ट येतात आणि प्रवाहाची वाट छातीतून जाते. तीच गाय आडवी उभी असेल, तर पुढचे आणि मागचे पाय आघातापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि फरक खूपच घटतो. घनतेला दिशा असते, ती सदिश राशी आहे, हे वाक्य फळ्यावर कोरडं वाटतं. गोठ्याबाहेर झाडाखाली बांधलेल्या गुरांच्या बाबतीत तोच जगण्या-मरण्यातला फरक ठरू शकतो. अर्थात, वीज कुठे पडणार हे आधी कळत नाही, त्यामुळे गुरं कशी बांधावीत याचा नियम यातून काढता येत नाही. झाडाखाली बांधू नयेत, एवढं मात्र नक्की.

माणसाच्या बाबतीत प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो, हृदय बरंचसं वाटेबाहेर राहतं. उघड्या रानात अडकलात आणि आसरा नसेल, तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवे पडू नका, असं सांगतात ते पायांमधलं अंतर कमी ठेवण्यासाठी.